पोरगं चाकणले जातो म्हणते

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा लागायला चार दिवस होते. अकोल्याचं ऊन कसं असतं ते वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी सहा वाजता अंगणात पाणी शिंपून मी बाज टाकली, तोच फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. गाडीवर तिघं जण होती, बाप, आई आणि मुलगा. खारपाणपट्ट्यातलं गाव, सहा एकर कोरडवाहू जमीन. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं त्या भागात गेली, त्यामुळे या घराशी माझा जुना घरोबा. बापाला मी भाऊ म्हणतो, आईला वहिनी.

पाणी झालं, चहा झाला. भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुमीच सांगा आता. पोरगं चाकणले जातो म्हन्ते. जाऊ देऊ का नाई?"

मुलगा बावीस वर्षांचा. आयटीआयचा फिटर ट्रेड पास. दोन वर्षं घरच्या वावरात राबला. गावातला एक मित्र पुण्याच्या पुढे चाकणला कारखान्यात लागला होता. तो म्हणे, ये, माझ्या खोलीवर राहा, ठेकेदाराकडे शब्द टाकतो, हातात साडेपंधरा हजार पडतील.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तीस वर्षांच्या नोकरीत मला बियाण्याबद्दल, बोंडअळीबद्दल, खताच्या मात्रेबद्दल हजार प्रश्न विचारले गेले. त्यांची उत्तरं पुस्तकात तरी असतात. हा प्रश्न मात्र अलीकडे दर हंगामाआधी कुणी ना कुणी विचारतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. त्या दिवशी मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली. शहरात माणूस माणसाला ओळखत नाही, खोलीभाडं खिसा कापतं, जमीन ही आई आहे, जोडधंदा करावा, शेततळं घ्यावं. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. मी थांबलो तेव्हा त्याने मान वर केली आणि अगदी अदबीने विचारलं, "काका, मंग तुमी काऊन सोडलं गाव?"

भाऊ त्याच्यावर डाफरले. "साहेबाले असं इचारतेत का?" पण प्रश्न विचारून झाला होता, आणि तो खरा होता.

माझं गाव दर्यापूर तालुक्यात. वडिलांची नऊ एकर जमीन, आम्ही दोघे भाऊ. १९८६ साली मला अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचं. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या पोराला 'बी.एस्सी. ॲग्री' हे शब्द तेव्हा कलेक्टर असल्यासारखे वाटत. वडिलांनी तुरीचे पैसे माझ्या हातात ठेवले आणि मला शकुंतलेत बसवून दिलं. अचलपूर ते मूर्तिजापूर धावणारी ती छोट्या रुळांची गाडी तेव्हा कोळशाच्या इंजिनावर चाले. आता ती गाडीही बंद पडली आहे. मूर्तिजापूरला उतरून मोठ्या गाडीने अकोल्याला पोचेपर्यंत माझ्या सदऱ्यावर कोळशाचे कण पडले होते. ते झटकताना मला रडू आलं होतं, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

शिकलो, नोकरी लागली, बदल्या झाल्या, शेवटी अकोल्यात घर बांधलं. धाकटा भाऊ गावात राहिला. मी पोळ्याला आणि दिवाळीला जायचो. वडील गेले तेव्हा मी दौऱ्यावर होतो. पोचलो तोवर सगळे माझ्यासाठी थांबलेले होते. त्यानंतर एकदा हिशेबावरून आम्हा भावांची बोलाचाली झाली. मी म्हणालो, दर वर्षी पेरणीला मी पैसे देतो. भाऊ शांतपणे म्हणाला, "तू पगार देला, दादा. मी येळ देला." त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

पण हेही तितकंच खरं की २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली आणि २०१८ ला पावसाने दगा दिला, तेव्हा भावाचं घर माझ्या पगारावर तरलं. जमीन विकावी लागली नाही. तो गावात होता म्हणून माझा सातबारा राहिला आणि मी बाहेर होतो म्हणून त्याची शेती राहिली. बैलजोडीत एक बैल धुऱ्याकडून चालतो आणि एक तासातून, पण जू एकच असतं.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. मग म्हणालो, "मी गाव सोडलं ते शिकायला. तू कशासाठी सोडतोस ते आपण पाहू. वही आण."

वही आणायला सांगितलं याचं कारण आहे. आपल्याकडे असे निर्णय दोन प्रकारे होतात. एक तर रागाच्या भरात, म्हणजे बाप-लेकाचं वाजतं आणि पोरगं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून जातं. नाहीतर लाजेने, म्हणजे चार लोक काय म्हणतील म्हणून पोरगं जातं किंवा राहतं. हिशेब मांडून होणारा निर्णय फार थोड्या घरांत दिसतो.

आधी घरचा हिशेब मांडला. सहा एकरांपैकी तीन एकर कपाशी, तीन एकर सोयाबीन, दोन्हींत तुरीच्या ओळी, आणि सोयाबीन निघाल्यावर ओलीवर हरभरा. २०२४-२५ चं त्यांचं पीक असं होतं: कापूस १५ क्विंटल, सोयाबीन १५, तूर ६ आणि हरभरा १२ क्विंटल. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता आणि सोयाबीनचा ४,८९२. भाऊंच्या हातात कापसाचे पडले ७,००० नि सोयाबीनचे ४,१००. तूर ७,००० नी गेली, हरभरा ५,३०० नी. सगळे मिळून २ लाख ७२ हजार. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई, ट्रॅक्टर आणि मळणी यांचा खर्च १ लाख ३९ हजार. शिल्लक १ लाख ३३ हजार, म्हणजे महिन्याला ११ हजार. आणि हे तिघांच्या वर्षभराच्या कष्टाचे. माणशी महिना साधारण ३,७०० रुपये. भाऊ आकड्याकडे पाहतच राहिले. वर्षानुवर्षं शेती केली, पण घरच्या माणसाची मजुरी कधी मांडली नव्हती.

मग चाकणचा हिशेब. हातात १५,५००. तिघांत खोली घेतली तर वाट्याला २,२००. दोन वेळची मेस ३,५००. चहा-नाश्ता ९००, जाण्या-येण्याचे ८००, फोन ३५०, साबण-तेल-औषध ९००. वर्षातून चार वेळा गावी यायचं तर महिन्याला ७०० धरावे लागतात, कारण दिवाळीत ट्रॅव्हल्सचं तिकीट दुप्पट-तिप्पट होतं. एकूण खर्च ९,३५०, उरले ६,१५०. मुलाचा चेहरा जरा उतरला. त्याच्या डोक्यात पंधरा हजार होते.

"अजून एक आकडा राहिला," मी म्हणालो. "तू गेल्यावर डवरा कोण धरेल? पंप पाठीवर कोण घेईल? रात्री हरभऱ्यात रानडुकरं येतात, जागल कोण करेल?" त्याच्या जागी वर्षात शंभर दिवस मजूर लावायचा तर चारशे रुपयांनी ४० हजार झाले. महिन्याला ३,३००. ते वजा केले तर घराच्या पदरात निव्वळ २,८०० रुपये पडतात.

इकडे माणशी ३,७०० आणि तिकडे २,८००. दर घराचे आकडे वेगळे येतील, पण बऱ्याच घरांत मी हेच पाहिलं आहे की पहिल्या वर्षाच्या पैशावर हा निवाडा होत नाही. शहर वाटतं तेवढं देत नाही आणि शेती वाटते तेवढी बुडवत नाही.

आतापर्यंत वहिनी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदराने घाम पुसत त्या म्हणाल्या, "साहेब, पैशाचं रायू द्या. मागच्या वर्षी आपन आपली पोरगी नोकरीवाल्याले देली. वावरवाल्याचं ठिकान आलं होतं, आपनच नाई म्हनलं. मंग आपल्या पोराले पोरगी कोन देईन?"

अंगणात कुणी काही बोलेना. मीही बोललो नाही, कारण माझी मुलगीही मी पिंपरी-चिंचवडला नोकरी करणाऱ्या मुलालाच दिली आहे. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं अडली आहेत, असं आम्ही सभांतून सांगतो. पण स्वतःच्या मुलीची वेळ आली की आम्ही सगळे नोकरीच पाहतो. गावातली निम्मी पोरं शहरात जातात ती पगारासाठी कमी आणि बायोडाट्यावर 'कंपनीत नोकरी' एवढं लिहिता यावं म्हणून जास्त. हे कुणी उघड बोलत नाही. वहिनी बोलल्या म्हणून निदान त्या घरात खरा प्रश्न बाहेर आला. घराचा निर्णय करताना बाईला शेवटी विचारू नये, आधी विचारावं, असं मला त्या दिवशी पटलं.

आता थोडं मागचं. माणसं पोटासाठी हलतात हे काही आजचं नाही. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचे भाव कडाडले, १८६७ साली रेल्वे आपल्या मुलुखातून नागपूरपर्यंत पोचली, आणि वऱ्हाड हा बाहेरच्या माणसांना काम देणारा मुलूख झाला. जिनिंग-प्रेसिंग निघाले, अकोला, बडनेरा, अचलपूर येथे कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले. आमच्या लहानपणी गिरणीत लागलेल्या माणसाचा रुबाब मास्तरापेक्षा जास्त असे. पुढे त्या गिरण्या एकेक करून थंडावल्या.

तिकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. मोटारी आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले. एका मोठ्या कारखान्याला सुटे भाग लागतात, म्हणून त्याच्याभोवती शेकडो लहान कारखाने उभे राहतात आणि त्यांना हात लागतात. पुण्याच्या कडेची ही खेडी, त्यांची १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाखांवर होती. अमरावती त्या वेळी साडेसहा लाखांच्या आत आणि अकोला सव्वाचार लाख. तिकडची जागा पुरेना तेव्हा कारखाने पुढे चाकणला सरकले. आपली पोरं तिकडे जातात याचं कारण एवढंच की काम तिकडे साचलं आहे.

मी चाकणला जाऊन आलो आहे. मुलीकडे गेलो असताना एका ओळखीच्या घरचा डबा द्यायचा होता म्हणून तिथल्या पोरांची खोली पाहिली. पत्र्याची खोली, दहा बाय बारा. सहा पोरं आणि तीन गाद्या. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर आडवा होतो. खिळ्यांवर निळे-राखाडी गणवेश टांगलेले. कोपऱ्यात घरून आलेलं ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी आणि आईने दिलेला मिरचीचा ठेचा. मी डबा उघडला तर क्षणात संपला.

त्या खोलीतली दोन पोरं माझ्या कायम लक्षात राहिली. एक अकोटकडचा. त्याने पहिल्या वर्षी माल उचलण्याचं काम केलं, पण सुट्टीच्या वेळी यंत्रावरच्या माणसाजवळ उभं राहून यंत्र जुळवायला शिकला. तिसऱ्या वर्षी त्याचा पगार जवळजवळ दुप्पट झाला. दुसरा वाशीमकडचा, तितकाच कष्टाळू. अकरा महिने एकाच जागी खोकी बांधली. बारावा महिना लागायच्या आधी ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नको. तो परत दुसऱ्या ठेकेदाराकडे, पुन्हा तेवढ्याच पगारावर, पुन्हा खोकी बांधायला. तीन वर्षांत त्याचं वय वाढलं, हातातली कला वाढली नाही.

या दोन पोरांत मला माझं उत्तर सापडलं, आणि तेच मी त्या संध्याकाळी सांगितलं. पहिल्या वर्षाचा पगार पाहू नये. तिसऱ्या वर्षी हाताला काय येईल ते पाहावं. शहरात जाऊन तीन वर्षांनी तेच ओझं उचलायचं असेल तर ते वावरात उचललेलं बरं. आणि वावरातही तीन वर्षांनी तोच तोटा घ्यायचा असेल तर घरी राहण्यात काही पुरुषार्थ नाही. आपले भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख, पापळसारख्या खेड्यातून इंग्लंडला शिकायला गेले. परत आले, अमरावतीत शिक्षणसंस्था उभी केली, पुढे १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्याएवढं कुणाला होता येणार नाही. पण बाहेरून काही घेऊन यायचं, हा धडा लहान माणसालाही लागू आहे.

मुलाने विचारलं, "इकडं काई नाई का होणार, काका?" मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. अकोल्यात डाळमिल आहेत, तिथे यंत्र दुरुस्त करणाऱ्या फिटरला काम मिळतं. विद्यापीठाची मिनी डाळमिल गावात चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठला कापडाचे कारखाने आहेत. २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. पण पार्क उभा राहून कारखाने निघतील तेव्हा निघतील, त्याची वाट पाहत बावीस वर्षांच्या पोराने पारावर बसून राहू नये. काम शिकलेला असेल तर इकडे कारखाना निघेल त्या दिवशी त्याला आधी बोलावतील.

शेवटी आम्ही वहीच्या एका पानावर काही गोष्टी लिहिल्या. वाचकहो, तुमच्या घरात हा प्रश्न असेल तर त्या उपयोगी पडतील म्हणून देतो.

पहिली गोष्ट, नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिरायचं. जाण्यासाठी कर्ज काढायचं नाही, बैल विकायचे नाहीत, आणि जमीन तर मुळीच नाही.

दुसरी, नेमणुकीचं पत्र घ्यायचं. कंपनीचं की ठेकेदाराचं, किती महिन्यांचं, ते वाचायचं. पगार बँकेच्या खात्यात जमा होतो का ते पाहायचं. भविष्यनिर्वाह निधी कापत असतील तर त्याचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यायचा. हा क्रमांक माणसाचा असतो, ठेकेदाराचा नाही. नोकरी बदलली तरी तोच पुढे चालतो. तो माहीत नसल्यामुळे कितीतरी पोरांचे पैसे पडून राहतात.

तिसरी, दर तीन महिन्यांनी स्वतःला विचारायचं, नवीन काय शिकलो? वर्षभरात काहीच शिकलो नसेन तर जागा बदलायची.

चौथी, मागे घरची शेती कोण करणार ते आधी ठरवायचं. पोरगं गेलं आणि आई-बाप तेवढीच कपाशी पेरून बसले की दोघंही मोडतात. कपाशीला हात लागतात. म्हणून भाऊंनी कपाशी तीन एकरांवरून दीड एकरावर आणायची आणि राहिलेल्या जमिनीत रुंद सरी-वरंब्यावर, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने सोयाबीन-तूर घ्यायची, असं ठरलं. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, पावसाचंच पाणी धरावं लागतं. सरीत ते मुरतं आणि जास्त झालं तर निघून जातं. घरचे कागदही नीट हवेत. ई-पीक पाहणी, पीककर्जाचं नूतनीकरण ही कामं आतापर्यंत पोरगं मोबाइलवर करायचं. ती त्याने आईला शिकवून जायची. वहिनी सातवी शिकलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "शिकतो मी."

पाचवी, मुदत. मी म्हणालो, दोन दिवाळ्या. दुसऱ्या दिवाळीला तिघांनी हीच वही पुन्हा उघडायची. पुढे राहायचं की परत यायचं ते तेव्हा ठरवायचं. आणि परत आला तर कुणी 'हरून आला' म्हणायचं नाही. हे वाक्य मी भाऊंकडून मोठ्याने म्हणवून घेतलं.

मृगाची पेरणी आटोपून जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलगा गेला. मित्राने सांगितलेली जागा त्याने घेतली नाही, कारण तिथे पत्र द्यायला तयार नव्हते. दहा-बारा दिवस भटकला, मेसचे पैसे उसने घेतले, मग एका लहान कारखान्यात फिटरचा मदतनीस म्हणून लागला. पगार ठरला त्यापेक्षा हजाराने कमी, पण काम यंत्रावरचं. ऑगस्टच्या पावसात भाऊंच्या खालच्या एकरात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलं. त्या महिन्यात मुलाने चार हजार पाठवले, त्यात फवारणी निघाली. पोळ्याला तो महाराष्ट्र एक्स्प्रेसने मूर्तिजापूरला उतरला, बैल धुतले, झूल घातली, आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. वहिनी मला म्हणाल्या, पोरगं वाळलं. भाऊ म्हणाले, "वाळलं, पन बोलाले लागलं." दोघांचंही खरं असावं. हा निर्णय बरोबर ठरेल की चूक ते मी आज सांगू शकत नाही. दुसरी दिवाळी अजून यायची आहे.

आता माझ्याबद्दल. येत्या वर्षी मी अठ्ठावन्न पुरा करून सेवानिवृत्त होतो. मुलगी म्हणते, बाबा, चिंचवडला या. तिथल्या एका ठिंबक संच विकणाऱ्याने सल्लागार म्हणून बोलावलंही आहे, पगारही बरा देतो म्हणतो. इतरांना वही उघडायला सांगणारा मी, स्वतःच्या बाबतीत आठवडाभर टाळत होतो. शेवटी एका रात्री बायकोसमोर वही उघडली. पैशाचा हिशेब चिंचवडच्या बाजूने आला. मग मी पोराला सांगितलेला तिसरा प्रश्न स्वतःला विचारला. तिथे जाऊन मी नवीन काय शिकणार? आणि चौथा, मागे कोण? तेव्हा भावाचं ते जुनं वाक्य आठवलं.

बायको म्हणाली, "पगार तर आता पेन्शनीच्या रूपाने येतच राहील. वेळ तेवढा द्यायचा राहिला."

मुलीला मी कळवलं आहे की नातवाच्या सुट्टीत येऊ, राहायला येणार नाही. घर अकोल्यातच राहील. पण आठवड्यातले तीन दिवस दर्यापूरच्या वावरात. भावाला फोन करून सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ये. पन डवरा धरता येते का अजून तुले?"

येतो की नाही, ते मलाही पाहायचं आहे.